इंजिनाच्या भोंग्यात खर्रा

वरठीच्या त्या कबाड्याचं दुकान दिसलं की मी अजूनही मोटारसायकलचा वेग वाढवतो.

पोरवयात मी भंडारा रोड स्टेशनवर उकडलेल्या शेंगा विकायचो. डिझेल इंजिनाचा भोंगा लांबून ऐकूनच समजायचं, टोपली उचलायची की नाही. लांबलचक, न तुटणारा भोंगा म्हणजे गाडी थांबणार नाही. त्या जाड आवाजावर माझं पोट चाललं. आज माझी अड्याळजवळ राइस मिल आहे. पाळी बदलताना तिथे तोच आवाज व्हावा, एवढीच हौस होती.

कबाड्याने कुठल्याशा कारखान्याचं जुनं शंटिंगचं डिझेल इंजिन तोडायला घेतलं होतं. मिलला लागणारे जुने पट्टे, मोटारी मी त्याच्याकडूनच घेतो, म्हणून त्याने बोलावलं. भोंग्याला दोन कर्णे होते, एक लांब, एक आखूड. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची नळी त्याने भोंग्याला लावली. आधी भोंग्याने धूळ ओकली, मग दोन्ही कर्णे एकदम बोलले. पत्रे थरथरले. माझ्या अंगावर काटा आला, म्हणून मी रस्त्याकडे तोंड फिरवलं. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचला की माल महागतो.

"काहून सेठ, कसा हाये?"

"हा भोंगा होय का? दमेकऱ्यावानी बोंबलून राहिला."

"असली माल हाये सेठ. असा आता भेटत नाही."

"आतली चकती फुटली हाये, अन् कर्ण्याले तडा. भट्टीत टाकाच्या लायक. मले कायले पाहिजे?"

तडा नव्हता. चकती धडधाकट होती. पण आमच्याकडे बैल घेणारा बैलाला लंगडा म्हणतो आणि विकणारा शेपटी धरून त्याचे गुण सांगतो. दोघांनाही ठाऊक असतं. मग घेणारा निघून जातो, माल दोन-चार दिवस तसाच पडू देतो आणि सहज म्हणून परत येतो. अशाच सौद्यांवर मी उभा राहिलो आहे. त्यालाही हे यायला हवं होतं. त्याचा बापही कबाडीच.

पुढच्या आठवड्यात मी सहज म्हणून परत गेलो. "तो तुमचा दमेकरी कुठं गेला?"

"गेला ना भट्टीत." तो तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत होता. "तुम्हीच तं म्हणले सेठ. मी म्हणलो, एवढा पारखी मानूस म्हणते तं खरंच असन. घनानं फोडला अन् देला गाडीत टाकून."

"अबे, भाव करून राहिलो होतो मी!"

"मंग तसं सांगाचं ना!"

तसं सांगायचं! या माणसाला तराजू कोणी दिला? सासूबाईंनी ताटावर 'अजून घ्या' म्हटलं की हा पातेलं उचलून घरी नेत असेल. मी त्याला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर नाही नाही ते बोललो. तो शांतपणे वाकला आणि पायाजवळच्या भांड्यात पचकन थुंकला.

ते भांडं म्हणजे लांब कर्ण्याचं तोंड होतं. घणाने तुटलेली कड खाली मातीत रोवलेली, रुंद तोंड वर, आत तांबडा चिखल, वर सुपारीची खांडं आणि घोंघावणाऱ्या माशा. ज्या तोंडातून गाडी बोलायची, त्यात हा सकाळपासून थुंकत होता.

"हे केवढ्याचं?" माझ्या तोंडून निघून गेलं. पहिल्यांदाच मी चेहरा लपवायला विसरलो.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. आता भाव चढवेल, असं वाटलं. चढवला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

"ह्याचे काय पैसे घ्याचे सेठ? तसंच न्या. धुऊन घ्या फक्त."

फुकट! मी आयुष्यात कोणाकडून फुकट काही घेतलं नाही. मी मोटारसायकलला किक मारली आणि निघालो. मागून त्याच्या गिऱ्हाइकांचं हसणं ऐकू आलं, आणि त्याचं पचकन थुंकणंही.

मिलमध्ये आता विजेचा सायरन आहे. तो वाजला की मी आत जाऊन बसतो.