सलाईन थांबवू नका

माझी बोटं ऐकेनाशी झाली तेव्हा मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे सहा माग चालवत होतो. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. गाठच मारता येत नसेल, तर मागावर उभं राहून करायचं काय? आधी पायाला मुंग्या आल्या, मग सायकलवरून पडलो, मग हातातून चहाचा कप सुटायला लागला.

भवानी पेठेतल्या माझ्या घरमालकिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी; जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. दवाखान्यात तीच घेऊन गेली. माझे आईवडील लांब माळशिरसकडं, मेंढरांमागं. मी सातवीत शाळा सोडलेली, त्यामुळं कागदावरचं कळायचं नाही आणि विचारायची भीती वाटायची.

डॉक्टरीणबाईंनी न विचारताच समजावलं. रक्तातल्या बी पेशी आजाराशी लढायला असतात. माझ्यातल्या काहींचं डोकं फिरलंय, त्यांच्यामुळं माझ्याच नसांवर हल्ला होतोय.

"राखणीचं कुत्रं आपल्याच मेंढराला चावतंय, तसं?" मी म्हणालो. त्या हसल्या. आधीची औषधं पुरली नव्हती. आता त्या पेशीच कमी करणारं औषध सलाईनमधून द्यायचं. गुण येईलच असं नाही, आला तरी महिने लागतील.

फोनवर वडील म्हणाले, "आन् कुत्रीच काडून टाकली तर राकन कोन करनार?"

अक्कानं फोन हिसकावून घेतला. "मी हाय की हितं! दूध उकळून देते, शिंकणाऱ्याला दारात उभं करत न्हाय. तुमी तुमची मेंढरं बगा."

सलाईन सुरू झालं. नर्स सारखी येऊन विचारायची, "खाज, थंडी, छातीत दडपण? काहीही वाटलं तरी सांगायचं." थोड्या वेळानं माझा घसा खाजायला लागला, कान तापले. मी म्हणालो, "काही नाही, सिस्टर." वाटलं, सांगितलं तर बाटली काढून नेतील, आणि मग हात गेले ते गेलेच.

मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही मागवाले नुसत्या ओठांनी बोलतो. समोरच्या बाकड्यावरून अक्कानं ओठ हलवले, कसं हाय? सवयीनं मीही बिनआवाजाचं बोलून गेलो, घसा लई खाजतोय, सांगू नगं.

ती ताडकन उठली. "सिस्टर! हे गाढव खोटं बोलतंय! घसा खाजतोय त्याचा!"

सलाईन बंद केलं, इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाई आल्या, तर मी रडायलाच लागलो. "काढू नका ना, बाई."

"अरे, कोण काढतंय? जरा थांबून हळू सोडू."

"धागा तुटल्यावर माग थांबवत न्हाईस व्हय?" अक्का कडाडली. "चालत्या मागावर गाठ मारतोस?"

बऱ्याच वेळानं हळू धारेनं ते परत सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत बाटली संपली. एका हाताला सुई, दुसऱ्यात जोर नाही. अक्कानं भाकरी-शेंगाचटणीचे घास करून माझ्या तोंडात घातले. लाजेनं मी तिच्याकडं बघितलं नाही. ती मात्र समोरच्या पेशंटला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "एवढा घोडा झालाय, तरी भरवावं लागतंय."

पंधरा दिवसांनी दुसरी बाटली झाली. पुढचे तीन महिने काहीच फरक नाही. आई फोनवर रोज विचारायची, मी रोज विषय बदलायचो. मग हळूहळू बोटांच्या टोकांना गार-गरम कळायला लागलं.

आता मालकानं दोनच माग दिलेत. डावं पाऊल अजून बधीर आहे. पुढं परत सलाईन लागेल का, ते तपासून ठरणार. पण परवा धागा तुटला आणि तिसऱ्या खेपेला माझी गाठ बसली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दम धरवेना. बाहेर येऊन अक्काला फोन लावला.

"बरं बरं. बोलत बसू नगंस, कामाला लाग," ती म्हणाली. फोन मात्र तिनं ठेवला नाही. बराच वेळ नुसती नाक ओढत राहिली.