वरच्या मजल्यावरचा वानवळा

न आलेल्या उत्तराला मान डोलावणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच असेल, आणि तो गंगापूर रोडला नेमका आमच्या डोक्यावर राहतो. हे सर द्राक्षांच्या सालीवरचं यीस्ट जमवतात आणि बरण्यांत जगवतात. बरण्यांना खायला कोण घालणार, म्हणून ते सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेले नाहीत. त्यांचं संशोधन दूरदेशीच्या एका बाईंबरोबर चालायचं, दर बुधवारी चारला व्हिडिओ कॉलवर. महामारीत विमानं थांबली, नमुने अडकले, तेव्हा सरांनी बाईंना आपला वानवळा समजावून दिला: घरात नवं काही आलं की त्यातलं थोडं शेजारी पोचलंच पाहिजे. विमानं पुन्हा सुरू झाल्यापासून इकडच्या प्रत्येक यीस्टचा वाटा तिकडे आणि तिकडचा इकडे राहू लागला.

मग बाईंच्या देशात युद्ध पेटलं आणि त्यांचा पडदा काळा झाला. सरांनी बुधवारचा चारचा कॉल काही सोडला नाही. एकदा मी भाजी द्यायला वर गेले, तर हे इस्त्रीचा शर्ट घालून काळ्या पडद्याला तब्येत विचारताहेत, उत्तराला लागेल तेवढं थांबताहेत आणि मग चक्क हसताहेत. समोर चहाचे दोन कप. मी दुसऱ्याला हात लावला तर न बघताच म्हणाले, "तो बाईंचा." तेवढ्यात मागच्या फळीवरून आवाज आला, टुप. "बाईंच्या बरण्या," सर म्हणाले. "तीनला साखरपाणी दिलं की चारला बोलतात." तो वायूचा बुडबुडा होता हे मलाही कळतं. पण पुढच्या प्रत्येक प्रश्नाला त्याच फळीवरून टुप येत गेलं, आणि मी भाजीचा डबा तिथेच टाकून खाली आले.

हिवाळा सरता सरता पडदा उजळला तेव्हा मी वरच होते. जाड कोटातले एक म्हातारे गृहस्थ, बाईंचे यजमान. प्रयोगशाळा जळाली, बाई हिवाळ्यात गेल्या, एवढं सांगून त्यांनी हळूच विचारलं, तिचं काही उरलंय का तुमच्याकडे?  सर लॅपटॉप फळीकडे वळवून म्हणाले, "ऐका." टुप. मग सगळी फळीच बोलू लागली. त्या गृहस्थांनी टोपी काढून पडद्याला कान लावला.

परवानग्यांचे सगळे सोपस्कार करून सरांनी माझ्याच स्टीलच्या डब्यात बाईंचं यीस्ट परत पाठवलं. काही महिन्यांनी डबा आला, तो बाईंच्या वेलीचे बेदाणे भरून. वानवळ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे बाईंनी घरी सांगून ठेवलं असावं. त्या बुधवारी दुसऱ्या कपाशेजारी बेदाण्यांची बशी होती. सर काहीच विचारत नव्हते, नुसते बसून होते, आणि मला फार वाईट वाटलं. मग फळीवरून टुप आलं, आणि या खेपेला मान माझी हलली.