दोन्ही बाह्या डाव्या

ताईमास्तरने कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या, आणि दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी तिची कात्री स्वतःच्या खणात ठेवून तिला बटणं लावायला बसवलं.

मास्तरांच्या मोठ्या शिवणदुकानात कापड बेतायची ती, गेली बारा वर्षं, म्हणून सगळ्यांची ताईमास्तर. जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, बारीक नळ्यांत अडकायच्या आणि हाडं ठणकायची. आईकडून अर्धा आणि बाबांकडून अर्धा असा आलेला आजार. "तुला फक्त बाबांचं नाक आलं, सुटलास," असं ती दादाला ऐकवायची.

बाह्यांचं ऐकून दादानं धसका घेतला, मेंदूतल्या नळ्याही तुंबल्या की काय. तिला धरून थेट मेंदूचा एमआरआय काढायला नेलं.

"अंगावर काही लोखंड?" तंत्रज्ञानं विचारलं.

"काही नाही."

त्यानं धातू शोधायची कांडी डोक्याजवळ नेली मात्र, कांडी किंचाळायलाच लागली. अंबाड्यात टाचण्या! काम करता करता तिथेच खोचायची सवय. एकेक करत सतरा निघाल्या.

"बाई, मशीनमध्ये माणूस झोपवायचंय, टाचण्यांची डबी नाही!"

चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे पांढरे ठिपके दिसतात? तिथे रक्त नीट पोचलं नाही. एवढाएवढासा भाग सुकला. गुपचूप. तुम्हाला पत्ताही लागला नसेल."

"कधी?"

"जुने आहेत. नेमकं कधीचे, ते फोटो सांगत नाही."

"मग बाह्या या ठिपक्यांनीच कापल्या का?"

बाई हसल्या. "तेही फोटो सांगत नाही. काहींचं लक्ष टिकत नाही, काहींना काहीच जाणवत नाही. त्याची तपासणी वेगळी, दोन तास कोडी सोडवायची. पण नवे ठिपके पडू द्यायचे नाहीत. गोळ्या घेता?"

"घेते."

"पाणी?"

ताईमास्तर अंबाडा चाचपू लागली.

"सांग की!" दादा.

"कापडाजवळ पाणी न्यायची बंदी आहे. आणि सारखं टेबल सोडून उठायचं कोणी? म्हणून पीतच नाही."

"आधी ते सुधारा," बाई म्हणाल्या. "बीपी सांभाळा. रक्त बदलावं लागेल का, ते पुढच्या वेळी ठरवू. आणि कधी हात किंवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली, तर थांबायचं नाही, लगेच यायचं."

बाहेर येताच दादा म्हणाला, "झालं. आजपासून घरी बस."

"डोकं माझं, ठिपके माझे. तू कशाला बसवतोस?"

ती तडक दुकानात शिरली. मागोमाग रिपोर्टचं पाकीट छातीशी धरून दादा.

"मास्तर, कात्री द्या."

"अगं, दादाचा फोन आला होता. डोक्यात ते..."

"ठिपके आहेत. तुम्ही आजवर किती वेळा दोन्ही बाह्या डाव्या कापल्यात?"

मशिनी थांबल्या. सगळ्यांचे कान इकडे.

"मी?"

"तुम्हीच. खरं सांगा."

"तीनदा." मास्तर खाकरले. "चारदा. एकदा तर नवरदेवाचा कोट होता."

"तुमच्या डोक्याचा फोटो काढला कुणी?"

"माझ्या डोक्यात काय सापडणार?"

दुकान खदखदून हसलं. मास्तर मात्र ओशाळले.

"सोमवारी मी ती कोडी सोडवायला जाणार," ताईमास्तर म्हणाली. "त्यात जे निघेल ते तुम्हाला येऊन सांगेन, लपवणार नाही. तोवर पाण्याची बाटली माझ्या स्टुलाशी राहील. आणि कापायच्या आधी बाहीवर खडूनं डावी की उजवी ते लिहायचं. मी लिहीन, तुम्हीही लिहायचं."

"मी? चाळीस वर्षं कापतोय मी!"

"नवरदेवाला विचारू का?"

मास्तरांनी खण उघडला, पण कात्री हातातच धरून ठेवली. "तू बिघडवलेल्या कोटाचं कापड एका बाहीपुरतंच उरलंय. चुकलं तर कोट गेला."

"गेला तर सांगा, ठिपक्यांनी कापला. जमला तर सांगा, मी कापला."

तिनं कात्री घेतली. उरलेलं कापड सुलट पसरलं, डाव्या बाहीचा कागदी नमुना उजवीसाठी पालथा करून वर ठेवला, कडेनं खडू फिरवला आणि मधोमध ठळक लिहिलं, 'उजवी'. मग सगळ्यांच्या देखत घटाघटा पाणी प्यायली.

"नीट बघ गं," दादा पुटपुटला.

"उजेड अडवू नकोस. बाजूला हो."

तो झाला. तिनं कात्री चालवली.