फळ्यावर नसलेला कंस

तालुक्याच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो. काल फळ्यावर प्रोग्रॅम लिहिताना उघडलेला एक कंस बंद करायचा माझ्याकडून राहून गेला. पोरांनी तसाच उतरवला आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर एरर आली. चाळिशीत पुन्हा शिकायला आलेल्या कविताताईंनी मात्र कंस पुरा केला होता. त्यांचा प्रोग्रॅम चालला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणाचाच चालत नव्हता. मग हळूच तो कंस खोडून टाकला.

"का खोडलात?"

"फळ्यावर नव्हता, सर."

एकटं पडलं की माणूस आपलं बरोबर असलेलंही असं मुकाट्याने पुसतो. मीही पुसलंय.

मी फळ्यावर राहिलेला कंस लिहिला. "हा कविताताईंचा," म्हणालो. त्यांनी फळ्याकडे नीट पाहिलं, आणि मगच तो पुन्हा टाइप केला.