सान न लावलेलं नाव

आमच्या सुपरवायझर वनिता भोईर मॅडम कुणालाही नुसत्या नावाने हाक मारत नसत. राहनाळच्या आमच्या गोदामात जपानी यंत्रांचे सुटे भाग येतात, म्हणून कंपनीने त्यांना थोडं जपानी शिकवलं होतं. तेव्हापासून सगळ्यांच्या नावाला मानाचं ‘सान’ लागलं. झाडू मारणारा रामदाससुद्धा रामदाससान. बायका हसायच्या, “आम्ही सान, तुम्ही थोर.” मॅडम म्हणायच्या, “हसा. पन घरी कोन तुमाला मानानं हाक मारतंय?” मला ‘मंदासान’ इतकं आवडे की पहिल्या हाकेला मी ओ देत नसे, दुसरीची वाट बघे.

जपानहून पाहुणे तपासणीला येणार, त्या सकाळी माझ्या हातून चूक झाली. एकावर एक चारच खोकी ठेवायची, मी घाईत सहा रचली. खालचं दबलं. मॅनेजरने बजावलं होतं, आज जो चुकेल त्याला गेट दाखवीन. नवऱ्याचा कामतघरचा कापडाचा लूम बंद पडलेला. घर माझ्या ड्युटीवर चालत होतं.

पाहुणे नेमके त्याच रांगेपाशी थांबले. दबलेल्या खोक्यावर बोट ठेवून त्यांनी काही विचारलं. मॅडम जपानीत बोलल्या. त्यातला एकच शब्द मला कळला, मंदा. पुढे सान नव्हतं. रामदासला मान देणाऱ्या बाईने माझाच काढून घेतला होता. मग मॅडम कमरेत वाकल्या, त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत. पाहुणेही थोडे वाकले आणि पुढे गेले. मॅनेजरही त्यांच्यामागे निघाले, गेटचं नाव निघालं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही. मॅडम शेजारी येऊन बसल्या.

“रुसलीस? परक्यापुढं आपल्या मानसाला सान न्हाय लावत. रीतच हाय त्यांची. मी बोलले, चूक आमच्या मंदाची, पन शिकवनारी मी हाय. तू आईला अहो बोलतेस का?”

पुढे मॅडमची बदली झाली, लांबच्या गोदामात. नंतरच्या तपासणीला तेच पाहुणे आले. खोकी इतकी नीट रचायला कुणी शिकवलं, असं त्यांनी दुभाष्याकडून मला विचारलं. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. त्यात मी मॅडमना ‘मॅडम’शिवाय कधी काही म्हटलं नव्हतं.

“आमच्या वनिताने,” मी म्हटलं.

“मॅडम म्हण,” मॅनेजर मागून दबक्या आवाजात म्हणाले.

पाहुणे मात्र माझ्यापुढे कमरेत वाकले.