पुट्टीखालचं झाकण

हॉलमधला पंखा लावला की हल्ली जळका वास येतो. वास आला की आई उठते आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा भिंतीला हात लावते. "इथे कोमट लागतंय गं," म्हणते. मग जरा पुढे सरकते. "नाही, इथे."

ताईच्या लग्नाआधी घर रंगवलं. वायरींचे जोड असलेल्या डब्याचं गोल झाकण फोटोत वाईट दिसेल, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यावर पुट्टी फिरवून घेतली. फोटो सुरेख आले. आता ते झाकण नेमकं कुठे होतं, हे घरात एकालाही सांगता येत नाही.

सकाळी वायरमन येऊन भिंत ठोकून गेला. "काकू, डबा सापडल्याशिवाय जोड कसा बघू? सगळी भिंत फोडायची का? तोवर पंखा लावू नका."

ज्याच्यावर घर चालतं, तेच आपल्याला डोळ्यांसमोर नको असतं. ते झाकलं की घर कसं नीटनेटकं वाटतं, आणि आतलं जळायला लागलं की हात फिरवण्यापलीकडे काही उरत नाही.

पंखा बंद आहे. आई अजून भिंतीपाशीच आहे. इतका वेळ हात टेकून उभी आहे, की भिंत तापली आहे की तिचाच तळवा, हे आता तिलाही कळत नाही.