दोन जिवांचा व्हिसा

म्हसावदला बाजाराच्या दिवशी रविनाच्या शिलाईच्या दुकानात तीन भाषा एकदम चालायच्या. डोंगरातून उतरलेल्या बायांशी ती पावरीत बोलायची, गावातल्यांशी अहिराणीत, आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टर ब्लाऊज टाकायला आल्या की शाळेतल्या मराठीत. जीभ मात्र तिन्ही भाषांत सारखीच तिखट. दुकान म्हणजे शोभाबाई पाटलांच्या घराची रस्त्याकडची खोली. शोभाबाई घरमालकीण खरी, पण तिचा अर्धा दिवस रविनाच्या मशीनशेजारच्या खुर्चीतच जायचा.

रविना मूळची तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकली. तिचा नवरा धर्मेंद्र त्याच शाळेत तिच्या पुढे होता. तो नर्सिंगला गेला तेव्हा पुरुषमाणसाने सुया टोचायचं काम कसं करायचं म्हणून पाड्यावर लोक हसले. सुरतेच्या हॉस्पिटलात लागला तेव्हा हसणं कमी झालं. आणि परीक्षा देऊन इंग्लंडात लीड्स नावाच्या शहरातल्या हॉस्पिटलात लागला, तेव्हा हसणाऱ्यांनीच आधी गावजेवण मागितलं.

तो जाण्याच्या आदल्या वर्षी रविनाला दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. त्याबद्दल ती कोणाशी बोलली नाही. काही दिवस मशीनवर कापड झाकलेलं राहिलं, मग एका सकाळी तिने ते काढलं आणि साचलेले ब्लाऊज शिवायला बसली.

होळीला धर्मेंद्र सुट्टीवर आला तो एक काम मनात धरून. रविनाला तिकडे न्यायचं तर लग्नाचा सरकारी दाखला हवा, आणि त्यांच्या लग्नाची कुठे नोंदच नव्हती. पंचांनी मुलीच्या बापाला द्यायचं देज ठरवलं, पुजाऱ्याने विधी केले, मांदल सकाळपर्यंत वाजला, झालं लग्न. पत्रिका कोणी छापली नव्हती. ग्रामसेवकाने सांगितलं, तीन साक्षीदार आणा आणि लग्न लावणाऱ्याची सही आणा. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्रचा चुलतभाऊ दिनेश आपली जीप भरून माणसं घेऊन आला. तीन सांगितली होती, आली वीस-बावीस. सगळेच लग्नात नाचले होते, मग साक्ष तिघांचीच का, यावर पंचायतीसमोर बराच वाद झाला. म्हातारे पुजारी जालमसिंगबाबा अंगठा लावायला पुढे झाले आणि थांबले. म्हणाले, पोराला आणि पोरीला माझ्यासमोर उभं करा, मी आधी विचारतो, मग अंगठा देतो. लग्नाला पाच वर्षं झालेल्या त्या दोघांना त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, एकमेकांबरोबर राहायचं आहे ना? रविना म्हणाली, "राहायचं म्हणून तर हा सगळा खटाटोप." तेव्हा कुठे अंगठा उमटला.

धर्मेंद्र परत गेला, आणि महिन्याभराने रविनाच्या लक्षात आलं की आपल्याला दिवस गेलेत. तिने फोनवर त्याला सांगितलं. त्याने ते तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

आता प्रश्न असा पडला, की बाळंतपण कुठे करायचं? सल्ले मात्र तिने न मागताच आले. दिनेशचं म्हणणं सगळ्यांत पुढचं. तो तिला शहाद्याला एका एजंटाकडे घेऊन गेला. गुळगुळीत बोलणारा माणूस. त्याने सांगितलं, पोट दिसायच्या आत फिरायला जाण्याचा व्हिसा काढा, कोणाला काही बोलू नका, तिकडे गेल्यावर बाळंत व्हा. बाळ जन्मतःच इंग्लंडचं नागरिक, आणि मग आईबापांना कोण हाकलतो? दिनेशचे डोळे चमकले. रविनाने विचारलं, विमानतळावर साहेबाने विचारलं किती दिवसांसाठी आलात, तर काय सांगायचं? एजंट म्हणाला, महिनाभर फिरणार असं सांगायचं.

"म्हणजे पोरगं जन्माला यायच्या आधीच त्याच्या नावाने खोटं बोलायचं," रविना म्हणाली आणि उठली.

धर्मेंद्रने हॉस्पिटलात व्हिसाची कामं बघणाऱ्या बाईंना विचारून सगळं समजून घेतलं. एजंटाचं एकही वाक्य धड नव्हतं. तिथे बाळ जन्मलं म्हणून ते तिथलं नागरिक होत नाही. त्यासाठी आई किंवा बाप तिथे कायमचा स्थायिक झालेला लागतो, आणि धर्मेंद्रला त्याला अजून वेळ होता. पाहुणी म्हणून गेली तर बाळंतपणाचं सगळं बिल अंगावर येणार, आणि खोटं उघडं पडलं तर पुढचा रस्ताही बंद. सरळ वाट एकच होती. नवरा तिथे नर्स आहे, तर त्याची बायको म्हणून रीतसर व्हिसा मागायचा. गरोदर असणं त्याच्या आड येत नाही. नाहीतर इथे बाळंत होऊन, बाळाचा पासपोर्ट काढून, दोघांचे व्हिसा मागायचे.

फुलीबाईचं, म्हणजे रविनाच्या सासूचं मत दुसऱ्या बाजूचं होतं. पहिलटकरणीने आपल्या माणसांत बाळंत व्हावं. ती रविनाला पहिलटकरीणच म्हणायची. मागचं तिने स्वतःपुरतं पुसून टाकलं होतं. रविनाने तिला एवढंच सांगितलं, की मागच्या वेळी धर्मेंद्र सुरतेला रात्रपाळीत होता, या वेळी तो जवळ हवा. फुलीबाई पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. अहमदाबादला जायचं ठरलं तेव्हा तीच पिशवी भरून आधी तयार झाली.

पण त्याआधी पासपोर्टने छळलं. पडताळणीचा पोलीस पाड्यावर गेला तेव्हा रविना म्हसावदला. तो म्हसावदला आला तेव्हा ती तपासणीला शहाद्याला. असं करत पासपोर्ट हातात पडेपर्यंत पाऊसकाळ निम्मा झाला आणि पोट लपवायचं म्हटलं तरी लपण्यासारखं राहिलं नाही.

व्हिसाआधी टीबी नसल्याचा दाखला लागतो आणि त्याची ठरलेली केंद्रं मोठ्या शहरांत. सासू-सून नंदुरबारहून रेल्वेने सुरत आणि तिथून अहमदाबादला पोचल्या. रविनाला वाटलं होतं, आपल्याला सासूला सांभाळून न्यावं लागेल. झालं उलटंच. फुलीबाईने उमेदीची कितीतरी वर्षं बारडोलीकडे ऊसतोडीला काढली होती. गुजराती तिला घरच्यासारखी. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला तिने असा काही झापला, की बाकीचे रिक्षावाले हसायला लागले आणि त्यातल्याच एकाने त्यांना धर्मशाळेपर्यंत वाजवी भाड्यात सोडलं.

केंद्रातली डॉक्टर तरुण होती. छातीचा एक्स-रे काढायचा असतो, पण तुम्ही गरोदर आहात, म्हणून तीन वाटा आहेत, असं तिने नीट बसवून सांगितलं. पोटावर पुढून-मागून शिशाचा ॲप्रन बांधून एक्स-रे काढता येतो. बाळाला धोका नसल्यासारखाच असतो आणि दाखला लगेच मिळतो. दुसरी वाट बेडका तपासण्याची. त्यात काही धोका नाही, पण जंतू वाढतात का ते बघायला दोन महिने लागतात. तिसरी वाट म्हणजे बाळंतपण होईस्तोवर थांबायचं.

रविनाने मनातल्या मनात महिने मोजले. दोन महिने दाखल्याला, मग व्हिसाला काही आठवडे. तोवर आठवा लागेल. त्यापुढे विमानवाले घेत नाहीत. एक्स-रे काढला तर याच महिन्यात काम होण्यासारखं होतं. फोनवर धर्मेंद्र म्हणाला, मी नर्स आहे, ॲप्रन बांधला तर भीती नाही हे मी खात्रीने सांगतो. पण पोट तुझं आहे, तू म्हणशील ते.

रविना थोडा वेळ बाहेरच्या बाकावर बसून आली. मग डॉक्टरला म्हणाली, "एक्स-रेने काही होत नाही, हे मला पटलंय. पण पुढे काही कमीजास्त झालंच, तर मी जन्मभर त्या फोटोलाच दोष देत बसेन. मला माझा स्वभाव माहीत आहे. बेडका घ्या. उशीर झाला तर झाला."

डॉक्टरने मान हलवली. फुलीबाईला बोलणं सगळं कळलं नव्हतं, पण सुनेचा चेहरा कळला. तिने रविनाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

मग खरी पंचाईत झाली. सलग तीन सकाळी छातीतून खोकून बेडका काढून द्यायचा, तोंडातली थुंकी चालत नाही. आणि रविना ठणठणीत. डोंगरात वाढलेली बाई, खोकला तिला ठाऊकच नाही. पहिल्या सकाळी डबी हातात धरून ती खोकली, खाकरली, लाल झाली, डबी कोरडीच. शेजारी उभी असलेली सिस्टर धीर देत होती, खोल श्वास घ्या, पुन्हा खोका. फुलीबाई दारातून बघत होती. शेवटी तिला राहवेना. ती गुजरातीत सिस्टरला म्हणाली, "बाई, हे काम तुम्ही नंदुरबारला ठेवायला हवं होतं. मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवरनं एक चक्कर मारून आणली असती, तर बादली भरून दिली असती हिने."

सिस्टर हसली, सासूने ते पावरीत सांगितल्यावर रविनाही हसली, आणि हसता हसता तिला असा ठसका लागला की काम होऊन गेलं. पुढच्या दोन दिवशी सिस्टर स्वतःच फुलीबाईला आत बोलवायची.

म्हसावदला परतल्यावर वाट बघणं सुरू झालं. दर आठवड्याला दिनेश विचारून जायचा, आणि आपण सांगितलेली वाट कशी सोपी होती हेही ऐकवायचा. रविनाने गिऱ्हाइकांची कामं उरकली आणि उरलेल्या चिंध्यांची झबली, टोपडी शिवायला घेतली. मधूनच तिचा धीर सुटायचा. आठव्यात जाऊन व्हिसा आला आणि विमानच मिळालं नाही, तर? असं ती एकदा बोलून बसली. शोभाबाई लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"इतली काय चिंता करी ऱ्हायनी तू? पोर तठे जनमनं काय नि आठे जनमनं काय, माय तं तूच शे ना? नहीच जावानं जमनं, तं मी शे, तुन्ही सासू शे. बाळंतविडा मन्हाकडथून."

रविनाला एकाएकी हलकं वाटलं. न जाणं हीसुद्धा एक चांगली वाट आहे, हे तिला तोवर कोणी असं सांगितलं नव्हतं.

अहवाल आला, निर्दोष. त्याच आठवड्यात ती बोटांचे ठसे द्यायला पुन्हा अहमदाबादला गेली, या वेळी दिनेशबरोबर, कारण त्यालाही आता काहीतरी करायचं होतं. नवरात्र सरता सरता व्हिसा आला. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विमान प्रवासाला हरकत नाही असं पत्र दिलं, आणि आता एक दिवसही वाया घालवू नकोस म्हणून बजावलं. शोभाबाईने डोहाळजेवण आणि निरोप एकाच दिवशी उरकला. पाड्यावरचे होते, गावातले होते, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरही जेवायला होत्या. जालमसिंगबाबा दोनदा पुरणपोळी मागून जेवले आणि पोटातल्या बाळालाही काहीतरी पुटपुटून गेले. काय ते त्यांनी सांगितलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर खिडकीतल्या मुलीने पोटाकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं, आणि पायांजवळ जास्त जागा असलेली सीट दिली. फुलीबाईने वाटेसाठी केलेल्या अंबाडीच्या भाकरी मात्र रविनाने सोबत घेतल्या नव्हत्या. सासूने त्या तिच्या नकळत पिशवीच्या तळाशी घातल्याचं तिला वर आकाशात गेल्यावर वासावरून कळलं.

लीड्सला थंडी सुरू झाली होती. धर्मेंद्रने घरातली एकुलती एक खुर्ची तिच्यासाठी खिडकीशी ठेवली होती. पहिल्याच आठवड्यात तिथल्या दाईबाईंनी, त्यांचं नाव मार्गारेट, नोंद करताना तिला विचारलं, तुमची भाषा कोणती, दुभाषा लागेल का? रविना म्हणाली, पावरी. मार्गारेटबाईंनी संगणकात शोधलं. गुजराती होती, हिंदी होती, मराठीसुद्धा होती, पावरी नव्हती. रविना म्हणाली, नको दुभाषा, मी इंग्रजीवर भागवते.

आणि तिने भागवलंही. बाजारात, बसमध्ये, तपासणीला. चुकलं तरी थांबायची नाही, हाताने दाखवायची, हसायची, पुढे जायची. नाताळच्या आधी एका पहाटे कळा सुरू झाल्या तेव्हा दोन-तीन तास तिने इंग्रजी नेटाने सांभाळली. मग मात्र इंग्रजी गेली, पाठोपाठ मराठी गेली, अहिराणी गेली, आणि उरली ती शुद्ध पावरी. ती काय ओरडतेय हे मार्गारेटबाईंना कळेना. त्यांनी धर्मेंद्रला विचारलं. धर्मेंद्र कानापर्यंत लाल झाला होता.

"ती आईला हाक मारतेय," तो म्हणाला.

खरं म्हणजे तेव्हा रविना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पण हात तिने त्याचाच घट्ट धरला होता, आणि तो त्याने शेवटपर्यंत सोडवून घेतला नाही.

मुलगी झाली. रडणं इतकं खणखणीत, की व्हिडिओवर फुलीबाईने नातीचं तोंड दिसायच्या आधीच सांगितलं, ही आपल्या घरचीच. त्या दिवशी मंगळवार होता, म्हणून पाड्याच्या रिवाजाने तिने नाव ठेवलं मंगली. बाळाचा पासपोर्ट, बाळाचा व्हिसा, असं पुढचं काम लगेच उभं राहिलं, पण ते धर्मेंद्रने अंगावर घेतलं. रविनाने एवढंच केलं, की नावाच्या रकान्यात तिकडच्यांना जमेल असं दुसरं नाव लिहूया का, या त्याच्या सूचनेला ठाम नकार दिला.

आता मार्गारेटबाई बाळाला बघायला येतात तेव्हा दारातूनच "मंगली" अशी हाक मारतात. नाव त्यांच्या जिभेवर अजून जरा वाकडंच होतं, पण मंगली हसते. रविनाने जुन्या बाजारातून एक शिलाई मशीन मिळवलंय आणि खालच्या मजल्यावरच्या एका केरळी सिस्टरचे ब्लाऊज ढिले करायचं काम तिच्याकडे आलंय.